कामाचा ताण आणि हसू : कुठे, कधी, किती

‘हसत राहा, ताण पळून जाईल’ असं ऑफिसातल्या फळ्यावर लिहिणाऱ्याने महिनाअखेरीचं क्लोजिंग बहुधा कधी केलेलं नसतं. हसल्याने कामाचा ढीग कमी होत नाही, साहेबाचा स्वभाव बदलत नाही आणि हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकातली रांगही पुढे सरकत नाही. तरीही हसू हे ताणावरचं खरंखुरं, फुकटचं आणि बसल्या जागी वापरता येणारं साधन आहे. फक्त ते शरीराला सोबत घेऊन वापरावं लागतं. राग गिळून दिवसभर चेहऱ्यावर चढवलेलं हसू माणसाला दमवतं. जबडा सैल सोडून, श्वास बाहेर टाकून, नेमक्या वेळी आणलेलं पंधरा-वीस सेकंदांचं हसू सावरायला मदत करतं. या दोन हसण्यांतला फरक हातात आला की बाकीचं सगळं सरावाचं आहे.

मुळात उपयोग किती होतो?

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवरच्या आपल्या पुस्तकात मांडलं की मनापासूनच्या हसण्यात दोन स्नायू काम करतात. एक गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि कोपरा वर खेचतो. दुसरा डोळ्याभोवती गोल असतो. तो आवळला की गाल वर येतात, खालची पापणी जरा फुगते आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. पहिला स्नायू हुकूम ऐकतो, दुसरा सहसा ऐकत नाही. ग्रुप फोटोत ‘स्माइल’ म्हटल्यावर ओठ हसतात आणि डोळे मात्र ‘झालं का एकदाचं?’ असं विचारत असतात, ते याचमुळे.

चेहऱ्यावर भाव आणला तर मनातही तो थोडा उतरतो का, यावर बराच वाद झाला आहे. १९८८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दातांत पेन धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली. पेनामुळे ओठ नकळत हसरे झालेल्यांना चित्रं जास्त मजेदार वाटली. हा प्रयोग खूप गाजला. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पेनाच्या युक्तीबद्दल ठाम काही हाती लागलं नाही, पण दुसऱ्याचं हसू बघून तसंच हसणाऱ्यांना आणि जाणीवपूर्वक गाल-ओठ वर घेणाऱ्यांना थोडं अधिक बरं वाटलेलं दिसलं. थोडंच, पण वाटलं.

ऑफिसच्या दृष्टीने अधिक कामाचा अभ्यास २०१२ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातला. लोकांना तोंडात चॉपस्टिक धरायला लावून ताण येईल अशी कामं दिली. काम संपल्यावर सावरण्याच्या काळात, ज्यांचा चेहरा हसरा राहिला होता त्यांच्या हृदयाचे ठोके सपाट चेहऱ्याच्या गटापेक्षा कमी होते. डोळ्यांसकट हसणाऱ्यांना किंचित जास्त फायदा झाला.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. परिणाम छोटा आहे, त्यामुळे अपेक्षाही तेवढीच ठेवायची. आणि ताणाचा प्रसंग उलटून गेल्यावर शरीर लवकर जाग्यावर आणायला हसू विशेष उपयोगी पडतं. साहेब झापत असताना हसणं हा निराळा विषय आहे. त्याकडे पुढे येऊच.

पायरी १ : तीन दिवस नुसतं बघा

पहिल्या दिवसापासून हसायला सुरुवात करू नका. तीन दिवस स्वतःचा चेहरा नुसता तपासा. दिवसातल्या पाच खुणा ठरवून घ्या : गाडीला किल्ली लावताना, लॅपटॉप उघडताना, जेवायला उठताना, दुपारी चार वाजता आणि घराची बेल दाबण्याआधी. ‘दर तासाला बघेन’ असं ठरवलं की ते दुसऱ्या दिवशी बारगळतं. एखाद्या कृतीला जोडलेली सवय टिकते.

प्रत्येक वेळी चार गोष्टी बघा. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकले आहेत का? भुवयांच्या मध्ये आठी आहे का? खांदे कानांकडे सरकले आहेत का? श्वास अर्धवट धरून ठेवला आहे का? मग ताणाला ० ते १० पैकी गुण द्या आणि मोबाइलमध्ये एक ओळ टाका. ‘४ वाजता, दात टेकलेले, खांदे वर, ७, क्लायंटचा मेल’ एवढं पुरे.

दातांची बाब बहुतेकांना चकित करते. आरामात असताना ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असायला हवी. दात टेकण्याचं काम फक्त चावताना आणि गिळताना. दिवसभर स्क्रीनकडे बघत दात आवळून बसलेल्या माणसाचा कानाखालचा स्नायू संध्याकाळपर्यंत दगडासारखा होतो, कानशिलं ठणकतात आणि तो माणूस ‘आज ॲसिडिटी झाली’ म्हणत गोळी घेतो. आवळलेल्या जबड्यावर चढवलेलं हसू समोरच्याला दात-ओठ खाल्ल्यासारखं दिसतं. म्हणून आधी जबडा, मग हसू.

पायरी २ : आधी सैल करा

जबड्यासाठी सोपा उपाय म्हणजे तोंडातल्या तोंडात ‘न’ म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, दात आपोआप सुटे होतात, ओठ हलके मिटलेले राहतात. जबडा असाच राहायला हवा. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या करता येतं, कुणाला कळतही नाही.

स्नायू फारच आवळला असेल तर क्षणभर दात घट्ट मिटा. कानाच्या पुढे आणि खाली जिथे फुगवटा हाताला लागेल, तिथे दोन बोटं ठेवा. मग दात सोडून द्या आणि दोन्ही बाजूंना हलक्या दाबाने ३० सेकंद गोल गोल चोळा. कळ येईल इतकं दाबायचं नाही. जोर लावला की स्नायू आणखी आखडतो.

मग श्वास. नाकाने खोल श्वास घ्या, छाती भरत आली की त्यावरच नाकाने आणखी एक छोटा श्वास घ्या आणि तोंडाने हळूहळू सगळा सोडून द्या. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ लागू द्या. असे ३ ते ५ श्वास पुरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात लोकांनी हाच श्वास रोज ५ मिनिटं, महिनाभर केला. मन:स्थिती सुधारण्यात त्याचा परिणाम तुलनेतल्या इतर श्वसनप्रकारांपेक्षा आणि ध्यानापेक्षा सरस दिसला. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सगळा जोर श्वास ओढण्यावर लावणं. छाती फुगवून धपाधप पाच श्वास घेतले तर गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

पायरी ३ : हसू आणायचं कसं

ओठांपासून सुरुवात केली की हसू ‘चीज’ म्हटल्यासारखं होतं. सुरुवात डोळ्यांपासून करा. ओळखीचं मूल लांबून धावत येताना दिसावं तशी नजर मऊ करा. खालची पापणी किंचित वर येईल. मग गाल वर जाऊ द्या, ओठांचे कोपरे त्यांच्या मागोमाग येतील. दात दिसायलाच हवेत असं नाही.

नजर मऊ करायला काहीतरी कारण लागतं. त्यासाठी तीन गोष्टींचा साठा आधीच करून ठेवा आणि त्या नेमक्या ठेवा. ‘कुटुंब’ म्हटल्याने चेहरा हलत नाही. ‘आजीने फोनवर व्हिडिओ कॉल लावून कान कॅमेऱ्याला लावला’ हे आठवलं की हलतो. एखादी पुणेरी पाटीही या साठ्यात चालते, शहरात त्यांची वानवा नाही. दर दोन आठवड्यांनी साठा बदला, कारण तोच विनोद विसाव्या वेळी डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

हे हसू १५ ते २० सेकंद धरा आणि सोडून द्या. सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. चेहरा पुन्हा सैल झाला, की पुढच्या कामाला लागा. मिनिटभर धरून ठेवलं तर गाल थरथरतात, हसू हळूहळू मुखवटा होतं आणि मेंदूला आणखी एक काम लागतं.

सुरुवातीचे चार-पाच दिवस लिफ्टमधल्या आरशात किंवा फोनच्या कॅमेऱ्यात एकदा तपासा. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या तर जोर जास्त लागतो आहे. ओठ ताणलेले पण गाल जागेवरच असतील तर सुरुवात ओठांपासून झाली आहे. गाल वर आहेत आणि भुवयांतली आठी तशीच आहे, तर दुसरी पायरी घाईत उरकली. मागे जा, पुन्हा श्वास सोडा. आणि मनात काहीही केल्या ऊब येत नसेल, तर त्या वेळी हसू सोडून द्या. सैल जबडा आणि लांब उच्छ्वास एवढंही त्या क्षणाला भरपूर आहे.

पायरी ४ : दिवसात जागा ठरवा

दिवसातून चार ते सहा वेळा पुरेसं आहे. कुठे बसवायचं ते कामावर ठरेल, पण काही जागा बहुतेकांना सोयीच्या पडतात.

सिग्नल ही पुणेकराला मिळालेली आयती संधी आहे. दुचाकीवर हेल्मेट, त्यात स्कार्फ गुंडाळलेला. आत तुम्ही काय करता आहात हे कुणालाही दिसत नाही. लाल दिव्याचे आकडे मोजत दात आवळण्याऐवजी त्याच ४०-५० सेकंदांत तीन श्वास आणि एक हसू बसतं. ओठ सुटे करून हवा आत घेऊ नका, धूर आहे. नाकाने घ्या, मिटल्या ओठांनी हसा. गाडी चालू असताना मात्र डोळे आणि लक्ष रस्त्यावरच. खड्डा तुमच्या ध्यानधारणेसाठी बाजूला होणार नाही.

मीटिंगच्या दोन मिनिटं आधी. व्हिडिओ कॉल असेल तर जॉइन होण्याआधी कॅमेरा बंद असतानाच हे उरका. आपला चेहरा एका चौकटीत तासभर बघत बसणं हेच कित्येकांच्या थकव्याचं कारण असतं. सोय असेल तर स्वतःचं चित्र लपवून ठेवा.

सगळ्यात जास्त मोल आहे ते वाईट कॉलनंतरच्या दीड मिनिटाला. ग्राहकाने वीस मिनिटं सुनावलं, तुम्ही ‘हो सर, बघतो सर’ करत निभावलं आणि लगेच पुढचा कॉल घेतला, तर पहिल्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. कॉल सेंटरमध्ये कॉलनंतर नोंदी करायला थोडा वेळ दिलेला असतो, तोच वापरा. पहिली ३० सेकंदं उठून उभं राहायचं आणि पाच लांब उच्छ्वास सोडायचे. पुढची ३० सेकंदं जे झालं त्याची एक ओळ लिहायची, मत न देता : ‘रिफंड ९ दिवस अडकला, म्हणून चिडले.’ शेवटच्या ३० सेकंदांत पाणी प्यायचं, साठ्यातली एक गोष्ट आठवायची आणि हसू आणायचं. क्रम उलटा करू नका. राग आत असताना आधी हसलं, की तो राग दाबला जातो आणि संध्याकाळी घरच्यांवर निघतो.

उपयोग होतो की नाही हे मोजायचं असेल तर मनगटावर नाडी धरून ३० सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि दुप्पट करा. त्या दीड मिनिटाच्या विश्रांतीआधी एकदा आणि नंतर एकदा. चार-पाच प्रसंगांत मोजून बघा, एकदाच मोजून निकाल लावू नका. चहा किंवा जिन्याची चढण मध्ये आली तर ती मोजणी धरू नका.

घराच्या दारातली जागा छोटी आहे पण चुकवू नका. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर एक मिनिट तिथेच बसा. फोन खिशात.

माणसांशी हसताना

एकट्याचं हसू शरीर सावरायला, आणि दुसऱ्याशी वाटलेलं हसू दिवस हलका करायला. पण पुण्यात अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसलात तर ‘काय काम आहे?’ हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो, आणि जरा जुनं माणूस असेल तर ‘दात काढायला काय झालं?’ असं तोंडावरही येतं. इथे नुसतं हसू अर्धवट वाटतं. त्याला एक छोटी, खरी गोष्ट जोडा.

क्रम असा : आधी बघा, अर्धा क्षण थांबा, मग हसू येऊ द्या आणि मग बोला. एकदम दिवा लावल्यासारखं उमटलेलं हसू बनावट वाटतं, सावकाश उमलणारं खरं वाटतं. गेटवरच्या काकांना ‘काका, आज दुपारची ड्यूटी का?’, सफाईच्या मावशींना ‘मावशी, गुडघा कसा आहे आता?’, कँटीनमधल्या दादाला ‘दादा, आजची उसळ झकास होती.’ प्रश्न विचारलात तर उत्तर ऐकायला दहा सेकंद थांबा. चालता चालता विचारलेला प्रश्न विचारल्यात जमा नसतो.

तुमच्या हसण्याला उत्तर देणारी तीन-चार माणसं ऑफिसात ठरलेली असू देत. जो कधीच हसत नाही त्याला हसवण्याचं व्रत घेऊ नका, त्याने तुमचाच ताण वाढतो. आणि खवचट हसू या हिशेबात धरू नका. टोमणा मारून सगळे हसले की क्षणभर मोकळं वाटतं, पण ज्याला लागला तो सहकारी उद्या तुमच्या अडचणीच्या वेळी जेवायला गेलेला असतो.

फोनवरही हसू पोचतं. ओठ ताणले गेले की आवाजाची वाट किंचित आखूड होते आणि आवाज उजळ लागतो. ‘नमस्कार’ म्हणतानाचं आणि फोन ठेवतानाचं हसू पुरतं. मधला भाग शांत आवाजाचा असू द्या.

ज्यांच्या कामातच हसू आहे

बँकेचा काउंटर, लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान, रुग्णालयाचं रिसेप्शन, विमान कंपनीचा डेस्क. इथे हसणं कामाचा भाग असतं, म्हणून वरचे सल्ले जसेच्या तसे लावले तर नुकसान होतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून दाखवलं की भावना दाखवणं हीही मजुरी असते. तिचे दोन प्रकार. ओठांत एक, पोटात एक ठेवून नुसता चेहरा सजवणं, आणि समोरच्याकडे बघण्याची दृष्टीच थोडी बदलून भाव आतून आणणं. शहरी बसचालकांवरच्या २०११ च्या एका अभ्यासात पहिल्या प्रकारच्या दिवशी चालकांची मन:स्थिती खालावली आणि कामातून मन उडालं. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी मन:स्थिती सुधारली. स्त्रियांमध्ये दोन्ही परिणाम अधिक ठळक होते.

म्हणून दिवसभर एकच हसू ओढू नका. ग्राहक समोर आला की पहिली तीन-चार सेकंदं आणि निरोप देताना, या दोन टोकांना हसा. मध्ये साडी उलगडताना, फॉर्म तपासताना चेहरा सैल, लक्ष कामात. ग्राहकालाही तेच बरं वाटतं. अखंड हसणारा विक्रेता काहीतरी गळ्यात मारणार अशी शंका येतेच.

दृष्टी बदलायची तर समोरच्याच्या आजच्या दिवसाबद्दल एकच प्रश्न मनात विचारा. रिसेप्शनवर ओरडणारा माणूस रात्रभर आयसीयूबाहेर बसला असेल का? उत्तर माहीत नसलं तरी चालतं, प्रश्नाने नजर बदलते. पण हे फक्त चिडलेल्या माणसासाठी. अपमान करणाऱ्यासाठी, शिवी देणाऱ्यासाठी स्वतःला समजावत बसू नका, वरिष्ठांना बोलवा.

आणि दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं अशा जागी घालवा जिथे हसावं लागत नाही. गोदाम, पॅन्ट्री, मागचा जिना. तिथे चेहरा पडलेला असायला पूर्ण मुभा हवी. दुकानाच्या मालकांनी आणि शाखाधिकाऱ्यांनी हे वाचत असाल तर एवढं करा : ‘हसतमुख सेवा’चं पोस्टर लावण्याआधी ती जागा आणि ती पाच मिनिटं द्या. हसण्याचे गुण मोजायला लागलात तर कर्मचारी पहिल्या प्रकारचंच हसू देतील.

जिथे हसायचं नाही

झापलं जात असताना हसू येणं ही बरेचदा भीतीची प्रतिक्रिया असते, पण समोरच्याला ती टिंगल वाटते. अशा वेळी ‘न’ची जबडा-स्थिती घ्या, नजर समोरच्याच्या भुवयांच्या उंचीवर ठेवा, एकदा मान हलवा आणि वाक्य पूर्ण होऊ द्या. हसू आणायचं ते केबिनबाहेर आल्यावर, पाणी पिऊन.

नकार देताना ‘नाही’ या शब्दावर हसू नका. ‘सर, शुक्रवारपर्यंत हे होणार नाही. सोमवारी दुपारी देतो.’ हे सरळ चेहऱ्याने म्हणा, हसायचं तर नंतरच्या ‘चालेल ना?’ला. हसत दिलेला नकार होकार समजला जातो आणि मग शनिवार-रविवार जातो. चाकण-भोसरीच्या कारखान्यात अपघाताची चौकशी, कुणाच्या नोकरीवर आलेली गदा, दुःखाची बातमी, हे वेगळं सांगायला नको.

एखाद्या सहकारी मुलीला ‘जरा हस की’ असा सल्ला देऊ नका. ती तुमच्यासाठी ठेवलेली फुलदाणी नाही. आणि अंगचटीला येणं, अश्लील विनोद, सूचक मेसेज यांवर स्त्रियांनी हसून वेळ मारून नेण्याची काहीही गरज नाही. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

मिळून हसणं

हसण्यावर अनेक वर्षं काम केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं की माणूस एकटा असतानापेक्षा चारचौघांत सुमारे तीस पट जास्त हसतो, आणि बहुतेक हसणं विनोदावर नसून साध्यासुध्या बोलण्यावर येतं. म्हणजे एकट्याने फोनवर रील बघत घालवलेल्या वीस मिनिटांपेक्षा अमृततुल्यच्या कट्ट्यावर तिघा-चौघांसोबतची दहा मिनिटं सरस. नियम एकच ठेवा : चहाला अप्रेझल, तक्रारींची तिकिटं आणि साहेब हे विषय बंद. पहिले दोन दिवस शांतता पसरते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाचा विषय काढतं आणि गाडी रुळावर येते.

सकाळी वेळ असेल तर हास्यक्लब आहेत. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत बागेत सुरू केलेली ही कल्पना पुण्यात चांगलीच रुजली. नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा शहरातल्या बागांमधून आणि मैदानांवर सकाळी भरतात. तिथे विनोद सांगत नाहीत. टाळ्या, ‘हो हो, हा हा हा’, श्वास आणि हात-पाय मोकळे करणं असं चालतं. सुरुवातीचं ओढूनताणून हसणं एकमेकांकडे बघता बघता खरं होतं. हर्निया, नुकतीच झालेली पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, फिट येणं किंवा गर्भारपण असेल तर जोरजोरात हसण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि हाच कार्यक्रम सोमवारी सकाळी कॉन्फरन्स रूममध्ये सक्तीने करायचा मोह मनुष्यबळ विभागाने आवरावा.

दोन आठवड्यांनी नोंदी उघडा

मोबाइलमधल्या ओळी वाचा. गुण कुठे दीड-दोनने उतरले ते बघा; तिथे हसू चालू ठेवा. जिथे काहीच हललं नाही तिथे सोडून द्या आणि कारण शोधा, कारण तिथला ताण बहुधा चेहऱ्याने सुटणारा नाहीच. रोज चार वाजता ७ दिसत असेल तर जेवण आणि चार यांच्यामध्ये काय घडतं? बरेचदा दुपारची एकच स्टेटस मीटिंग निघते, जी आठवड्यातून दोनदा झाली तरी भागेल. हे त्या नोंदी दाखवून वरिष्ठांशी बोलता येतं. अमेरिकेच्या वेळेवर चालणारी शिफ्ट असेल तर आधी झोप बघा : खोलीत पूर्ण अंधार, फोन बाहेर, सात तास. झोप पाच तासांवर आली की हसण्याचा कुठलाही प्रयोग टिकत नाही.

जबडा उघडताना दुखत असेल, खटखट आवाज होऊन अडकत असेल किंवा सकाळी उठल्यावर दात दुखत असतील तर दंतवैद्याला दाखवा. झोपेत दात खाल्ले जात असण्याची शक्यता असते. हसताना तोंडाची एक बाजू अचानक खाली राहिली, हातात जोर राहिला नाही किंवा बोलणं अडखळलं तर तो थकवा समजू नका, लगेच १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार आले, तर हसण्याचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.